त्याला आपला वजनकाटा परत हवा होता

रानजाई

ट्युनिशियाच्या आतल्या भागात सिदी बुझिद नावाचं गाव आहे. आसपास ऑलिव्ह, बदाम, भाजीपाला, पण शिकलेल्या-न शिकलेल्या पोरांच्या हाताला काम नाही. १७ डिसेंबर २०१० ला तिथल्या मोहम्मद बुआझीझी या २६ वर्षांच्या हातगाडीवाल्याची फळं आणि वजनकाटा नगरपालिकेच्या माणसांनी उचलून नेला. असं होण्याची ती पहिली वेळ नव्हती. तो गव्हर्नरच्या कचेरीत गेला. काटा परत द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्याला कोणी दारात उभं केलं नाही. त्याने कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारीला तो गेला आणि १४ जानेवारीला, २३ वर्षं सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष बेन अली विमानात बसून सौदीला पळाले.

ते दिवस आठवतात? मी रोज रात्री अल जझीरा लावून बसायचे. ११ फेब्रुवारीला इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार झाल्याची घोषणा झाली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झाले असतील. मी जेवता जेवता उठले आणि टीव्हीसमोर उभी राहिले, हात तसाच खरकटा. कैरोच्या तहरीर चौकातला तो आवाज अजून कानात आहे.

त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. इजिप्तमध्ये लष्कर परत आलं. लिबियाचे तुकडे झाले. येमेन भुकेला लागला. बहारीनमध्ये आंदोलकांनी ज्या मोत्याच्या स्मारकापाशी ठाण मांडलं होतं ते स्मारकच मार्च २०११ मध्ये पाडून टाकलं. सीरियात दरा शहरातल्या शाळकरी पोरांनी भिंतीवर राजवटीविरुद्ध लिहिलं, त्याची किंमत पाच लाखांहून अधिक जीवांनी मोजली. म्हणून आता जो तो म्हणतो, "अरबांना लोकशाही झेपत नाही."

मला हे वाक्य मान्य नाही. ते का मान्य नाही हे सांगायलाच हा धागा काढलाय, आणि त्यासाठी ट्युनिशियाकडेच जाते, कारण तिथे लोकशाही दहा वर्षं खरोखर चालली.

२३ ऑक्टोबर २०११ ला लोकांनी निळ्या शाईत बोट बुडवून २१७ जणांची घटना समिती निवडली. धर्माधिष्ठित एन्नाहदा पक्षाला सर्वाधिक, ८९ जागा मिळाल्या. उमेदवारांच्या यादीत एक पुरुष, एक स्त्री असा क्रम सक्तीचा होता. मग २०१३ उजाडलं. फेब्रुवारीत शुक्री बेलाइद आणि जुलैत मोहम्मद ब्राहमी या दोन डाव्या नेत्यांचे खून झाले, लोक रस्त्यावर आले. त्याच जुलैत शेजारी इजिप्तमध्ये लष्कराने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष मोर्सींना उचललं होतं. ट्युनिशियाही त्याच वाटेने जाणार असं वाटत होतं.

गेला नाही. याचं श्रेय चार संघटनांना आहे: कामगार महासंघ यूजीटीटी, उद्योजकांची संघटना, वकिलांची संघटना आणि मानवी हक्क संघटना. एरवी कामगार आणि मालक एका टेबलावर येतात ते भांडायला. इथे त्यांनी मिळून राजकीय पक्षांना टेबलावर बसवलं, वेळापत्रक हातात दिलं आणि उठू दिलं नाही. निवडून आलेल्या एन्नाहदाने खुर्ची सोडली, बिगरपक्षीय सरकार आलं, २६ जानेवारी २०१४ ला नवी राज्यघटना मंजूर झाली. चौघांना मिळून २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं.

हे बाहेरून कोणी आणून दिलेलं नव्हतं. यूजीटीटी १९४६ ची, फ्रेंचांविरुद्ध लढलेली. तिचे संस्थापक फरहत हशद यांचा १९५२ मध्ये खून झाला होता. ट्युनिशिया वाचला तो गावोगाव शाखा असलेल्या, संप करायला आणि वाटाघाटीला बसायला शिकलेल्या या जुन्या संघटनेमुळे. चौकातली गर्दी राजाला पळवू शकते. त्यानंतरचं काम गर्दीला जमत नाही, त्याला अशी माणसं लागतात.

आणि बिघडलं कुठे तेही सांगते. २०१४ च्या घटनेप्रमाणे एका वर्षात घटना न्यायालय स्थापन व्हायला हवं होतं. न्यायाधीश कोण यावर पक्षांचं एकमत होईना. एक वर्ष, दोन वर्षं, सात वर्षं. २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी घटनेच्या ८० व्या कलमाचा आधार घेऊन संसद गोठवली, दारावर लष्कराचं वाहन उभं केलं. हे घटनेत बसतं का, हे ठरवणारं न्यायालयच नव्हतं! सईद स्वतः घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक. एक रिकामी राहिलेली जागा, आणि सगळा देश त्या भगदाडातून घसरला.

त्या रात्री लोकांनी रस्त्यावर येऊन जल्लोष केला, हेही लपवायला नको. कोविडने माणसं मरत होती, महागाई होती, सरकारं येत-जात होती. लोक खरोखर विटले होते. वर्षभराने नव्या घटनेवर सार्वमत घेतलं तेव्हा मात्र जेमतेम ३० टक्के आले. २०२४ मध्ये सईद ९० टक्क्यांवर मतांनी पुन्हा निवडून आले, तेव्हा मतदान २९ टक्क्यांच्या आत होतं आणि एक प्रतिस्पर्धी उमेदवार तुरुंगात होता.

तुम्हाला काय वाटतं? मनापासून लिहा.

---

तळटीप

उत्तम धागा. एक भर घालतो. बुआझीझीला जगभर "पदवीधर बेकार" म्हणून रंगवलं गेलं, ते खरं नाही, त्याचं शालेय शिक्षणही पुरं झालं नव्हतं. आणि सुरुवात २०१० ची नाही. त्याआधी ५ जानेवारी २००८ ला ट्युनिशियातल्याच गफसाच्या फॉस्फेट खाणपट्ट्यात सरकारी खाण कंपनीने नोकरभरतीची यादी लावली. यादीत वशिल्याची नावं. रदेयेफ गावातली बेकार पोरं, खाणीत मेलेल्या कामगारांच्या बायका, शिक्षक असे सगळे जवळजवळ सहा महिने रस्त्यावर होते. मोडून काढलं, पुढारी तुरुंगात गेले. तिथे यूजीटीटीचे स्थानिक शिक्षक पुढे होते आणि राजधानीतले वरिष्ठ मागे. म्हणजे संघटना ही एकसंध गोष्ट नाही. तिच्या शाखांमध्ये धग असते.

इजिप्तमध्येही तेच. महल्ला अल-कुब्रातल्या कापड गिरणीत डिसेंबर २००६ मध्ये बोनससाठी संप झाला, तो सुरू केला बायकांनी. त्या खात्याखात्यांतून "पुरुष कुठे आहेत, आम्ही बायका इथे आहोत" म्हणत फिरल्या. तहरीरच्या आधी चार वर्षं.

---

पडाव

रानजाई ताई, लेख कळकळीने लिहिलाय, पण मी दुसऱ्या बाजूने बघितलंय. फेब्रुवारी २०११ मध्ये मी लिबियात, बेनगाझीला एका बांधकाम कंपनीत होतो. आठ दिवसांत शहरात पोलीस राहिले नाहीत. पोरं रणगाड्यावर चढून फोटो काढत होती, आणि आमच्या कॅम्पमधले जनरेटर, गाड्या, गाद्यासुद्धा लोक घेऊन गेले. आम्ही पासपोर्ट बनियनच्या आत शिवून ठेवले होते. आपल्या सरकारने 'स्कॉशिया प्रिन्स' नावाचं जहाज पाठवलं, त्यातून अलेक्झांड्रियाला आलो. तीन दिवस पोटात धड अन्न नव्हतं, जहाजावर मिळालेला पहिला गरम चहा मी रडत प्यायलो.

गद्दाफी जुलमी होता, मान्य. पण आमचा फोरमन लिबियन होता, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. बंडाच्या पहिल्या दिवशी त्याने मला मिठी मारली होती. २०१४ मध्ये त्याचा शेवटचा निरोप आला तेव्हा तो म्हणाला, आता रात्री दारावर थाप पडली की कोणत्या टोळीची आहे तेही कळत नाही. तेव्हा आधी घर शाबूत, मग मतपेटी. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये.

---

रानजाई

@पडाव, दादा, हे तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुम्ही जे सोसलंत त्यावर मी वाद घालणार नाही.

फक्त एवढंच म्हणेन की लिबियातलं घर लोकशाहीने मोडलं नाही. गद्दाफीने ४२ वर्षांत तिथे पक्ष, स्वतंत्र कामगार संघटना, मोकळं वर्तमानपत्र असं काही उभंच राहू दिलं नव्हतं. तो गेल्यावर हातात उरली ती फक्त शस्त्रं. जुलै २०१२ मध्ये त्याच लिबियन लोकांनी शांतपणे रांगा लावून मतदान केलं होतं. मतदानाची हौस होती, पण निकाल अमलात आणणारं पोलीस ठाणं नव्हतं. तुमचं "आधी घर" मला पटतं. पण घर शाबूत ठेवायचं म्हणून हुकूमशहा ठेवला तर तो आतून एकेक खांब काढत असतो, हेही खरं ना?

---

मुक्काम सालमिया

१९ वर्षं कुवेतमध्ये आहे. इथली गोष्ट कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

कुवेतमध्ये १९६३ पासून निवडून आलेली संसद होती. राजा (अमीर) आहे, पण ५० निवडून आलेले सदस्य मंत्र्याला उभं करून जाब विचारायचे. त्याला 'इस्तिजवाब' म्हणतात. आपला 'जवाब' त्यातच आहे बघा. स्त्रियांना मताचा हक्क २००५ ला मिळाला, २००९ ला चार जणी निवडून आल्या. माझे साहेब मला एकदा त्यांच्या दिवानियाला, म्हणजे पुरुषांच्या बैठकीला, घेऊन गेले. लांबट खोली, तिन्ही भिंतींना लागून गाद्या, मधे मोकळी जागा. वेलची घातलेली कडू कॉफी बोटभर कपात. नको असेल तर कप हलवून परत द्यायचा, मला ते माहीत नव्हतं आणि पाच कप झाले. एका कोपऱ्यात उमेदवार बसला होता आणि एक म्हातारे गृहस्थ त्याला घरकुलाच्या यादीवरून असे झापत होते की मी बघतच राहिलो. अठरा वर्षं झाली अर्ज करून, तुम्ही चारदा निवडून आलात, असं. उमेदवार मान खाली घालून ऐकत होता. सोबतच्यांनी कोणी म्हाताऱ्याला गप्प केलं नाही.

मे २०२४ मध्ये अमीरांनी संसद विसर्जित केली आणि घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. कारण सांगितलं की संसद सारखी कामं अडवते. खरं सांगायचं तर अडवत होती, रस्ते-इस्पितळं रखडलेली आम्ही बघत होतो, आणि माझे कित्येक कुवेती सहकारी म्हणाले, बरं झालं. पण त्या म्हाताऱ्याने आता कोणाला झापायचं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आम्हा परदेशी लोकांना तिथे मत नव्हतंच कधी. नागरिक लोकसंख्येच्या साधारण एक तृतीयांश. तो वेगळा विषय आहे, पण लोकशाहीबद्दल बोलताना त्याचीही नोंद हवी.

---

वाटसरू२२

दिवानियाचं वर्णन वाचून थांबलो. वाचनखूण साठवली.

---

कोरा कागद

आम्ही २००९ ते २०१४ कैरोत, मादी भागात होतो. यजमानांची नोकरी.

तहरीरची घोषणा होती "ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया." भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. भाकरी पहिली. आपल्याकडे ऐश म्हणजे चैन, पण इजिप्तमध्ये रोजच्या पावाला ऐश म्हणतात, मूळ अर्थ जगणं. सकाळी आमच्या गल्लीतून एक पोरगा सायकलवरून जायचा, डोक्यावर दारापेक्षा लांब लाकडी फळी, त्यावर शेकडो गरम ऐश बलदी, एक हात वर फळीला, दुसरा हँडलला. समोरून मिनीबस आली तरी त्याची मान हलायची नाही. सरकारी अनुदानावरची ती भाकरी ५ पियास्तरला (पियास्तर म्हणजे तिथले पैसे) होती, आणि तीसहून अधिक वर्षं ती किंमत वाढवायची एकाही सत्ताधीशाची छाती झाली नाही, कारण १९७७ मध्ये भाव वाढवल्यावर पेटलेली शहरं सगळ्यांना आठवत होती. जून २०२४ ला ती २० पियास्तर झाली.

आता मला ज्याचं वाईट वाटतं ते लिहिते. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. जानेवारी २०११ मध्ये त्या रोज डबा घेऊन तहरीरला जायच्या, पोरांना खायला घालायला. जून २०१३ मध्ये मोर्सींच्या विरोधातही त्याच गेल्या, आणि लष्कर आलं तेव्हा बाल्कनीतून झेंडा लावला. १४ ऑगस्टला रबाआ चौकात एका दिवसात शेकडो माणसं मारली गेली. ह्यूमन राइट्स वॉचने किमान ८१७ मोजली. त्या रात्री संचारबंदी लागली. मी वर गेले तर बाई अंधारात बसलेल्या. म्हणाल्या, "मला वाटलं होतं फक्त खुर्चीवरून उठवतील." पुढे आम्ही निघेपर्यंत त्या राजकारणावर एक शब्द बोलल्या नाहीत.

विरोधकाला हटवायला लष्कराला हाक मारली की लष्कर परत जात नाही. आणि इजिप्तचं लष्कर नुसतं लष्कर नाही. पास्ता, पाण्याच्या बाटल्या, पेट्रोल पंप, सिमेंट, रस्ते, सगळ्यात त्याचा पैसा आहे. एवढं सोडून बराकीत कोण जाईल? ट्युनिशियाचं लष्कर छोटं, धंद्यात नसलेलं होतं, म्हणून २०११ मध्ये ते बाजूला उभं राहू शकलं. मला हा फरक धर्म, संस्कृती वगैरेपेक्षा फार मोठा वाटतो.

---

गोदाकाठ

मी परभणीचा. त्या वेळची दुसरी घोषणा, जी ट्युनिसपासून येमेनच्या सनापर्यंत सगळीकडे होती: "अश्शअब युरीद इस्कात अन्निझाम." लोकांना हवंय, निझाम पाडायचाय. निझाम म्हणजे व्यवस्था, राजवट. आमच्या आजोबांच्या तोंडी हाच शब्द होता. हैदराबादच्या राजाची पदवी निजाम-उल-मुल्क, तीच ही निजामशाही. १७ सप्टेंबर १९४८ ला ती गेली. टीव्हीवर ती घोषणा पहिल्यांदा ऐकली तेव्हा आजोबा ८६ वर्षांचे होते. त्यांना अरबी येत नव्हतं, पण शेवटचा शब्द कळला आणि त्यांनी आवाज वाढवायला सांगितला.

पडाव यांच्या मुद्द्यावर: आमच्याकडेही ती वर्षं रक्ताळलेली होती, रझाकारांच्या वेळी आणि पोलीस ॲक्शननंतरही. ते घरात कोणी नाकारलं नाही. पण निजाम परत यावा असंही आजोबा कधी म्हणाले नाहीत.

---

अनुजा_नगर

मी कॉलेजात आहे, २०११ ला पहिलीत होते. हे सगळं आत्ता वाचतेय. सीरियात डिसेंबर २०२४ मध्ये हुकूमशहा असद पळाला, सैदनाया तुरुंगाची दारं उघडली, तेव्हा मला वाटलं की चला, एकदाचं. पण ऑक्टोबर २०२५ ला तिथे संसद निवडली ती थेट मतदानाने नाहीच, समित्यांमार्फत, आणि एक तृतीयांश सदस्य अंतरिम राष्ट्राध्यक्ष अल-शरा स्वतः नेमणार असं ठरलं. निवडून आलेल्यांत बायका अगदी मोजक्या. सुदानमध्ये २०१९ ला पोरींनी पुढे होऊन हुकूमशहा बशीरला घालवलं आणि आज तिथे दोन सेनापतींच्या युद्धात पोरीच भरडल्या जातायत.

मग रानजाई मॅडम, आशा नेमकी कुठे ठेवायची? मला खरंच जाणून घ्यायचंय.

---

रानजाई

@अनुजा_नगर, मॅडम नको, ताई म्हण.

सुदानबद्दल तू म्हणतेस ते वाचून मन जड होतं. पण तिथेही बघ, युद्ध सुरू झाल्यावर उपाशी वस्त्यांमध्ये सार्वजनिक स्वयंपाकघरं कोणी चालवली? 'आपत्कालीन खोल्या' म्हणून ओळखले जाणारे मोहल्ल्यातले तरुण. त्यांतले कितीतरी २०१९ च्या प्रतिकार समित्यांमधले. निवडणूक नाही, सरकार नाही, आणि तरी डाळ कोणाला किती याचा हिशोब वहीत लिहून ठेवतात. माझ्या लेखी ही लोकशाहीच.

आणि ट्युनिशियाचं ताजं. दक्षिणेला गाबेस शहर आहे, समुद्राला लागून खजुराची बाग असलेलं. १९७० च्या दशकापासून तिथे सरकारी रासायनिक कारखाना फॉस्फेटपासून ॲसिड आणि खत बनवतो, गाळ समुद्रात सोडतो. मासे गेले, बाग वाळली. २०१७ मध्ये सरकारने प्रदूषण करणारे विभाग हलवण्याचं वचन दिलं, ते कागदावर राहिलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये जवळच्या शाळेतली मुलं वायूने गुदमरली. आया त्यांना उचलून इस्पितळात पळाल्या. २१ ऑक्टोबरला यूजीटीटीच्या स्थानिक शाखेने सार्वत्रिक संप पुकारला, दुकानं बंद, आणि हजारो-हजारो माणसं रस्त्यावर. विरोधक तुरुंगात, संसद नावाला, आणि तरी एवढी माणसं. तळटीप म्हणाले ना, शाखांमध्ये धग असते.

---

काळी माती

फॉस्फेटचं वाचलं म्हणून लिहितोय. माझी शेती आहे, सोयाबीन आणि ऊस, शिवाय खताचं छोटं दुकान. आपल्याकडे डीएपी खत बनवायला जे फॉस्फोरिक ॲसिड लागतं त्यातलं बरंचसं बाहेरून येतं: मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल आणि ट्युनिशियासुद्धा. खताचा दर चढला की आम्ही इथे आरडाओरड करतो. जून महिन्यात दुकानापुढे रांग असते, एका गोणीसाठी माणसं हातघाईवर येतात. त्या गोणीच्या दुसऱ्या टोकाला शाळेतली पोरं गुदमरतात हे आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं. रात्री कारभारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग त्या बायांचं पुढे काय झालं? तेच विचारायला लॉगिन केलंय.

---

रानजाई

@काळी माती, वहिनींना सांगा, ते अजून संपलेलं नाही. कारखाना सुरू आहे. वकिलांनी न्यायालयात दाद मागितली. आया आणि मुलं तोंडाला मास्क लावून मोर्चात होती.

आणि गोदाकाठ, तुमच्यासाठी: गाबेसच्या मोर्चात घोषणा तीच होती, "अश्शअब युरीद", फक्त शेवट बदललेला. "अश्शअब युरीद तफकीक अल-वहदात." लोकांना हवंय, कारखान्याचे हे विभाग उखडायचेत.